पोट्टं म्हणते गोलकी होतो: बोनोबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या की मोरोक्कोचा गोलकीपर यासिन बूनू, ज्याच्या जर्सीवर 'बोनो' लिहिलेलं असते, तो सध्या माझा सगळ्यात आवडता खेळाडू आहे. अन् बापा, चार दिवसांत मोबाईल नुसता टुंग टुंग करत राह्यला. क्रिकेटबद्दल एवढं लिहितो तेव्हा कोणी विचारत नाही, अन् या एका गोलकीनं सगळ्यांना बोलतं केलं. काही पत्रं आहेत, काही व्हॉइस मेसेज होते ते आम्ही ऐकून उतरवले, बोली जशीच्या तशी ठेवली आहे. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून कोणाचंच छापलं नाही, नुसता तालुका दिला.

सर, मी बारावीले हाये. उंची बरी हाये पण पळता येत नाही म्हणून पोट्टे मले दरवेळी गोलातच उभं करतात. गोल झाला का शिव्या मलेच. बोनोनं काय केलं असं की त्याले कोणी शिव्या देत नाही? (दारव्हा तालुका)

लेका, शिव्या त्यालेही पडतात, फक्त अरबी अन् स्पॅनिशमध्ये पडतात म्हणून आपल्याले समजत नाहीत. अन् तुले गोलात उभं राहून कंटाळा आला असेल तर याचा हिशोब ऐक.

१९९१ चा जन्म. लहानपणीच कासाब्लांकाला आला, तिथल्या विदाद क्लबमध्ये वाढला. सीनियर टीमकडून पहिली मॅच कोणती मिळावी याले? २०११ ची आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग, तिची फायनल, तेही ट्युनिसमध्ये समोरच्या टीमच्या घरच्या मैदानावर. नेहमीचा गोलकीपर नादिर लमियाग्री जखमी झाला म्हणून वीस वर्षांच्या पोट्ट्याले ग्लोव्ह्ज देऊन उभं केलं. विदाद १-० हरली. म्हणजे सुरुवातच हरण्यापासून.

पुढच्या वर्षी स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिद क्लबनं घेतलं. गावात पेढे वाटले असतील असं वाटते ना? पण तिथं गोलात होता कोर्टुआ, अन् तो गेला तर आला ओब्लाक. याले बी टीममध्ये टाकलं. अॅटलेटिकोच्या मोठ्या टीमकडून लीगची एकही मॅच मिळाली नाही, एकही नाही. मग दोन सीझन झारागोझा क्लबला उधारीवर, तेही खालच्या, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. मग २०१६ ला जिरोना, तेही दुसऱ्याच डिव्हिजनमध्ये. २०१७ ला जिरोना वर आली, २०१९ ला परत खाली गेली. मग सेव्हिया क्लबला परत उधारीवरच, अन् तिथं पहिला गोलकीपर व्हात्सलिक होता, म्हणजे हा परत बेंचवर. मधात २०१८ चा वर्ल्ड कप झाला, मोरोक्कोच्या टीममध्ये नाव होतं पण गोलात मुनीर उभा, हा बाहेर पाणी पित बसला.

२०२० च्या उन्हाळ्यात व्हात्सलिक जखमी झाला. तेव्हा कुठं हा उभा राह्यला. तेव्हा त्याचं वय २९. ऑगस्टमध्ये युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, क्वार्टर फायनलला, इंग्लंडच्या वुल्व्ह्स क्लबच्या राउल हिमेनेझची पेनल्टी अडवली, सेमीफायनलला मँचेस्टर युनायटेडच्या फॉरवर्ड लोकांनी डोक्याले हात लावला एवढे बॉल काढले, अन् फायनलमध्ये इंटर मिलानचा लुकाकू एकटा बॉल घेऊन सुटला होता, समोर फक्त बोनो, तो पायानं अडवला. सेव्हिया ३-२ जिंकली.

दोनदा दार उघडलं अन् दोन्ही वेळा दुसऱ्याच्या दुखापतीनं उघडलं, हे गोलकीचं विचित्र आहे बघ. फॉरवर्ड खराब खेळला तर सत्तराव्या मिनिटाले बदलतात, गोलकी कोणी बदलत नाही. तो पडल्याशिवाय तुझा नंबर लागत नाही, अन् तो तर तुझा दोस्त असते, रोज सोबत प्रॅक्टिस करते. मी स्वतः कॉलेजात दोन वर्षं दुसरा गोलकी होतो. पहिल्याले ताप आला त्या दिवशी मी मनातून खूश झालो होतो, खोटं काहून सांगू. अन् त्याच मॅचमध्ये एक साधा रांगत आलेला बॉल माझ्या दोन पायांमधून गेला. परतीच्या एसटीत कोणी बाजूले बसलं नाही. तेव्हा तुले शिव्या देऊन राह्यले ते पोट्टे अजून तुले खेळायले बोलावतात ना? मग जा.

माझा नातू म्हणते तो कॅनडात जन्मला. मग मोरोक्कोकडून काहून खेळते? पैसे जास्त देतात का? (एक आजी, पुसद तालुका)

नाही आजी, पैशाचं नाही. जन्म माँट्रियलचा, कॅनडातला, हे नातवाचं बरोबर आहे. पण घर मोरोक्कोचं, वाढला तिथंच. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होते, जन्मगाव भलतंच लागते अन् माणूस ओळखला जाते बापाच्या गावावरून, तसंच धरा. २०२२ च्या वर्ल्ड कपला मोरोक्कोच्या २६ जणांच्या टीममध्ये १४ जण देशाबाहेर जन्मलेले होते. हकीमी माद्रिदचा, झियेश हॉलंडचा. आईबाप कामासाठी बाहेर गेले, पोरं तिकडं झाली, पण खेळायची वेळ आली तेव्हा आजीच्या गावाकडून खेळली.

गंमत अशी की त्याच वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोची मॅच कॅनडाशीच पडली. मोरोक्को २-१ जिंकला, अन् जो एक गोल झाला तो कॅनडाच्या पोरानं नाही मारला, मोरोक्कोच्याच अगेर्डच्या पायाले लागून आत गेला. सेमीफायनल येईपर्यंत मोरोक्कोवर झालेला तेवढा एकच गोल, म्हणजे समोरच्या कोणालेच जमला नव्हता.

नातवाले रात्री एक वाजता मॅच पाहू द्यायची का असंही तुम्ही विचारलं आहे. शाळा असली तर नाही. वर्ल्ड कप असला तर मी सांगणारा कोण.

पेनल्टीच्या वेळी तो अंदाजानंच उडी मारते ना? मग त्यात काय मोठं, आमचा पोट्टाही मारते. (वरुड तालुका)

हा प्रश्न आला म्हणून बरं झालं, यावर मी पूर्ण अंक लिहू शकतो.

आधी माप घ्या. गोलपोस्ट २४ फूट रुंद अन् ८ फूट उंच. तुमच्या घराची समोरची भिंत एवढी असेल नसेल. बॉल ठेवतात ११ मीटरवर, म्हणजे बारा ढांगा. चांगल्या खेळाडूनं मारलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत पोचते. डोळ्यानं पाहून, बाजू ठरवून, मग उडी मारतो म्हणाल तर बॉल जाळीत जाऊन झोपलेला असते. म्हणून अंदाज लागतोच, तुमचं तेवढं बरोबर. पण अंदाज अन् अंदाज यात फरक आहे. आपला जुना माणूस आभाळ पाहून सांगते की आज पाणी येते, अन् मोबाईलवर पाहून आपणही सांगतो, दोन्ही अंदाजच ना?

बोनोचं एक पाहा, तो लवकर पडत नाही. साधा गोलकी घाबरून आधीच एका बाजूले झोकून देते, अन् मारणारा आरामात दुसऱ्या बाजूले ढकलून देते. बोनो गुडघे वाकवून शेवटपर्यंत उभा राहते अन् तेवढ्यात मारणाऱ्याच्या मनात किडा वळवळतो. त्यातच नियम असा की बॉलला पाय लागेपर्यंत गोलकीचा एक तरी पाय रेषेवर, निदान रेषेच्या सरळ वर पाहिजे, पुढं सरकला अन् बॉल अडवला तर परत मारायले लावतात. म्हणजे हात, खांदे, डोळे, तोंड एवढंच त्याच्या ताब्यात. अन् तोंडाचं सांगतो, हा माणूस पेनल्टीच्या वेळी हसते! स्पेनविरुद्ध हसत होता.

ती रात्र मी विसरत नाही. ६ डिसेंबर २०२२, आपल्याकडं साडेआठला सुरू झाली. माझी त्या आठवड्यात रात्रीची लाईन होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, म्हणून मोटर चालू करून धुऱ्यावर बसलो अन् मोबाईलवर जिओ सिनेमा लावला, फुकट होतं तेव्हा. ०-० नव्वद मिनिटं, ०-० एकशे वीस मिनिटं. पेनल्टीआधी एक मिनिट उरलं असताना स्पेनच्या साराबियाचा बॉल पोस्टले घासून गेला, माझा जीव तिथंच अर्धा झाला. बरोबरी सुटेना म्हणून दोन्हीकडून आळीपाळीनं पेनल्टी. स्पेनकडून पहिला साराबियाच आला, परत पोस्ट. दुसरा सोलेर, बोनोनं अडवला. मधात मोरोक्कोच्या बेनूनचाही अडला, म्हणून धाकधूक होती. तिसरा बुस्केट्स, स्पेनचा कॅप्टन, तोही अडवला. नंतर हकीमीनं, जो माद्रिदमध्येच जन्मला, मधातून हळूच चिप करून टाकला अन् संपलं, ३-०. स्पेनले एकही पेनल्टी मारता आली नाही. मी एवढ्या जोरात ओरडलो की बाजूच्या वावरातला माणूस टॉर्च घेऊन पळत आला, त्याले वाटलं साप चावला. अन् या सगळ्यात पाणी एकाच वाफ्यात भरत राह्यलं, तिथला हरभरा पिवळा पडला तो पडलाच. घरी सांगितलं नाही अजून, आज वाचतील.

२०२३ च्या युरोपा फायनलला रोमाविरुद्ध परत तेच, मॅन्चिनीची अडवली, इबान्येझचा बॉल याच्या हाताले लागून पोस्टवर गेला, सेव्हिया जिंकली अन् त्या मॅचचा सर्वोत्तम खेळाडू हाच. २०२६ च्या जानेवारीत रबातला आफ्रिका कपच्या सेमीफायनलमध्ये नायजेरियाच्या दोन अडवल्या.

पण आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल सर एकतर्फी लिहितात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुपर कपला सेव्हियाविरुद्ध मँचेस्टर सिटीनं पाच पेनल्ट्या मारल्या अन् पाचही आत गेल्या. हाच बोनो, हीच उडी, हेच हसू. तुमच्या पोट्ट्याले तेवढं जरूर सांगा.

१९८६ चा मेक्सिकोचा वर्ल्ड कप मी तालुक्याच्या गावी पाहिला होता, रात्री सायकलनं जाऊन. तेव्हाही मोरोक्कोचा एक गोलकी लय भारी होता, केस कुरळे. नाव आठवत नाही. (मोर्शी तालुका)

काका, तो झाकी. बादू झाकी. तुमचं पत्र वाचून मीही तिथंच गेलो, एका टीव्हीसमोर साठ माणसं अन् अँटेना फिरवायले एक जण छतावर.

त्या वर्षी मोरोक्कोच्या ग्रुपमध्ये इंग्लंड, पोलंड अन् पोर्तुगाल होते, सगळे म्हणत होते हे आले तसे जातील. पोलंडशी ०-०, इंग्लंडशी ०-०, पोर्तुगालले ३-१ नं हरवलं अन् ग्रुपमध्ये पहिले आले. आफ्रिकेची टीम पहिल्या फेरीच्या पुढं जायची ती पहिलीच वेळ. मग पश्चिम जर्मनीविरुद्ध झाकीनं जवळजवळ पूर्ण मॅच ओढून नेली, अन् शेवटच्या दोन-तीन मिनिटांत माथेउसची फ्री किक खेळाडूंच्या भिंतीच्या बाजूनं जमिनीवरून आली अन् गेली. १-०. त्याच वर्षी झाकी आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, मग स्पेनमध्ये मायोर्काकडून खेळला, पुढं मोरोक्कोचा कोच झाला अन् २००४ ला टीमले आफ्रिका कपच्या फायनलपर्यंत नेलं.

अन् काका, झाकी कोणत्या क्लबचा? विदाद कासाब्लांका, बोनो वाढला तोच. आपल्याकडं कामठीत कसं आजा, बाप, पोरगा तिघंही फुटबॉलवाले भेटतात, तसं काही पाणी असते गावागावाचं.

गोलकीपर गोल करू शकते का? आमच्यात पैज लागली आहे. (उमरखेड)

करू शकते, पैज तू जिंकला. मार्च २०२१, सेव्हिया वल्लादोलिदकडून १-० नं मागं, ९४ वं मिनिट, कॉर्नर मिळाला. बोनो आपला गोल उघडा टाकून पूर्ण मैदान पळत समोर गेला, गर्दीत बॉल पायाशी आला अन् यानं ठोकला. १-१. एवढे बॉल अडवणारा माणूस गोल झाल्यावर काय करावं हेच समजेना असा पळत होता.

एवढा चांगला चालला होता तर सौदीले काहून गेला? विकला गेला असं नाही वाटत का तुम्हाले? (नेर तालुका)

नाही वाटत. ३२ व्या वर्षी गेला, अल हिलालकडं, पैसा मोठा होता हे उघड आहे. अन् मी वर लिहिलं ते परत वाच, आठ वर्षं माणूस दुसऱ्याच्या मागं बेंचवर अन् उधारीवर फिरला. २०२१-२२ ला स्पॅनिश लीगमध्ये सगळ्यात कमी गोल खाणाऱ्या गोलकीपरची झामोरा ट्रॉफी घेतली, ३१ मॅचमध्ये २४ गोल, दोन युरोपा लीग, वर्ल्ड कपची सेमीफायनल. आता त्यानं पाहिजे तिथं जावं. सोयाबीनले भाव आला त्या दिवशी आपण विकतो का नाही?

अन् तिकडं जाऊन झोपला असंही नाही. पहिल्याच सीझनले अल हिलाल लीगमध्ये एकही मॅच न हरता जिंकली, अन् सगळ्या स्पर्धा मिळून सलग ३४ मॅच जिंकायचा विक्रम केला. २०२५ च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये रिअल माद्रिदविरुद्ध १-१ असताना अगदी शेवटी वाल्वेर्देची पेनल्टी अडवली, मग ज्या सिटीनं सुपर कपला पाच मारल्या होत्या तिलेच ४-३ नं घरी पाठवलं. त्या मॅचमध्ये यानं काढलेले बॉल मोजता मोजता माझा चहा गार झाला.

ग्लोव्ह्ज कोणते घेऊ? (तिघांनी विचारलं आहे)

आधी बिना ग्लोव्ह्जचा बॉल पकडायले शिका. मग तालुक्याले जे साधे भेटतात ते घ्या, मापात घ्या, अन् घालण्याआधी तळवा थोडा ओला करा. धुऊन उन्हात वाळवू नका, रबर तडकते.

माझ्याकडं चार एकर कोरडवाहू आहे. मोठा पोरगा नववीत. तो म्हणते मी गोलकीपर होतो, बोनोसारखा. रात्रंदिवस भिंतीवर बॉल मारते, भिंतीचा पोपडा निघाला. मी रागावलो तर दोन दिवस जेवला नाही. त्याले काय सांगू? खरं सांगा सर, उगाच चांगलं वाटायले लिहू नका. (कळंब तालुका)

दादा, खरंच सांगतो. बोनोसारखा होणार नाही. त्याचं कारण तुमचा पोरगा नाही, कारण हे की मोरोक्कोतही लाखो पोरं खेळतात अन् बोनो एक निघाला. एका टीममध्ये अकरा जण खेळतात, त्यात गोलकी एकच. फॉरवर्डले चार जागा बदलून खेळवता येते, गोलकीले दुसरी जागाच नाही. अन् आपल्या इकडं मैदान म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये सिमेंट अन् जुलैमध्ये चिखल. काळ्या मातीत पावसाळ्यात उडी मारली तर माणूस तिथंच रुतते, उन्हाळ्यात भेगांमध्ये पाय जाते. जाळी नाही, पोस्ट म्हणून दोन बांबू, आडवा बार म्हणून दोरी, अन् बॉल दोरीच्या वरून गेला का खालून यावरून अर्धा तास भांडण.

पण दादा, भिंतीवर बॉल मारून परत पकडणं ही गोलकीची सगळ्यात चांगली प्रॅक्टिस आहे, तुमचा पोरगा आपल्या मनानं बरोबर तेच करून राह्यला. पोपड्यासाठी रागावू नका, त्या भिंतीले खालून चार फूट सिमेंट मारून घ्या.

नववीत आहे म्हणजे अजून शाळेच्या स्पर्धांचं वय आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जाता येते, सुब्रोतो कपची टीमही शाळेचीच असते. शाळेतल्या पीटीच्या सरांना स्वतः जाऊन भेटा, पोराले पाठवू नका, बाप आला की सर उठून बोलतात. राज्यापर्यंत खेळला तर सर्टिफिकेटचा पुढं भरतीत उपयोग होऊ शकते, कोणत्या भरतीले कोणतं चालते ते आधी नीट विचारून घ्या, कारण नियम बदलत राहतात. अन् दहावी बुडू देऊ नका, एवढी एक अट घाला. दोन दिवस जेवला नाही म्हणता, तर ही अट तो मानेल.

एक गोष्ट त्याले माझ्याकडून सांगा. वर्ल्ड कपला बेल्जियमविरुद्ध बोनो टीमसोबत मैदानात आला, राष्ट्रगीत झालं अन् मॅच सुरू होण्याआधी तो आत निघून गेला, तब्येत बिघडली होती. आयुष्यभर ज्या जागेसाठी थांबला ती जागा त्यानं शेवटच्या मिनिटाले मुनीरले दिली, त्याच मुनीरले ज्याच्यामागं तो २०१८ ला बसला होता. मोरोक्को ती मॅच २-० नं जिंकला. पोराले विचारा, तू असतास तर सांगितलं असतं का की मले बरं नाही? काय म्हणते ते मले कळवा.

आमच्या गावी रविवारी सकाळी सहाला पोट्टे जमतात, कळंबवरून एसटी आहे. यायचं असलं तर जुनी फुल पॅन्ट घालून पाठवा, हाफ पॅन्टवर ढोपरं सोलून निघतात. शिदोरी दोन माणसांची द्या, आमच्याकडचा दुसरा गोलकी आणत नाही कधी.